ऐकणारा डोळा

१

नानासो फडतऱ्यांच्या उजव्या डोळ्यात काहीच नव्हतं, आणि नेमकी हीच भयंकर गोष्ट होती.

डॉ. जरिना शिकलगारनं स्टूल पुढे ओढलं, दिव्याचा झोत वाढवला आणि भिंगातून पुन्हा पाहिलं. डोळ्याचा पडदा तसाच सुजलेला. सुईची खूण कुठंच नाही. आणि मुंग्या? एकही नाही.

मुंग्या हे जरिनाच्या चमूनं लाडानं ठेवलेलं नाव. खरं तर ती यंत्रं होती. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, पाठीवर औषध घेतलेली, लोहचुंबकाच्या इशाऱ्यावर चालणारी. सुईनं ती डोळ्यात सोडायची, बाहेरच्या चुंबकानं हाकत पडद्याच्या सुजलेल्या जागेपर्यंत न्यायची, तिथं औषध उतरवायचं आणि आठवड्याच्या आत गोळा करून बाहेर काढायची. चुंबकाचं यंत्र होतं साताऱ्याच्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात, आणि मुंग्या हाकणारी जरिना इथं सांगलीत. समोरच्या स्क्रीनवर तिला डोळ्याचा आतला भाग दिसायचा आणि हातातली दांडी हलवली की तिकडे मुंग्या चालू लागायच्या. उद्या आटपाडीच्या एखाद्या म्हाताऱ्याला डोळ्यासाठी गाव सोडायला लागू नये, म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता. सध्या तो प्रयोगाच्या पायरीवर होता आणि सोमवारी पाळी होती नानासोंची. तासभर खपून जरिनानं त्यांच्या डोळ्यात मुंग्या हाकल्या होत्या. स्वतःच्या हातानं.

"वर बघा, नानासो."

"आं?"

"वर! वर बघा!"

"हां हां. जरा मोठ्यानं बोला, डॉक्टर. उभी नोकरी तोफखान्यात काढली. एक कान तिथंच ठेवून आलो, दुसरा बी अर्धाच हाय."

खटाव तालुक्यातल्या गावचे नानासो निवृत्त हवालदार. इस्लामपूरला लेकीकडे आले होते. पहिली तपासणी खरं तर साताऱ्यालाच व्हायची, पण इस्लामपूरहून सांगली जवळ म्हणून जरिनानंच त्यांना इकडे बोलावून घेतलं होतं. साताऱ्याला ते कळवायचं राहूनच गेलं होतं.

ती त्यांच्या कानाशी वाकली. "सोमवारी तिथं काय काय झालं, सांगता का?"

"डोळ्यात थेंब टाकलं. डोळा बधिर झाला. आत न्हेलं, खुर्चीत बसवलं. लय मऊ खुर्ची, मला तर डुलकीच लागली की. मग पट्टी बांधली, म्हनले झालं. काय बी दुखलं न्हाई बगा."

जरिनानं भिंग बाजूला केलं.

साताऱ्याच्या त्या यंत्राला खुर्ची नव्हतीच. माणसाला पलंगावर उताणं झोपवून, डोकं दोन्ही बाजूंनी पक्कं करून चुंबकांच्या मध्ये सरकवावं लागे. बसलेल्या माणसाच्या डोळ्यात मुंगी हलणंच शक्य नव्हतं.

मग सोमवारी तिनं ज्या डोळ्यात मुंग्या चालवल्या, तो डोळा होता कुणाचा?

२

नानासोंना लेकीबरोबर परत पाठवून जरिनानं सोमवारचं चित्रण काढलं. शेजारी नानासोंचा जुना फोटो लावला. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची नक्षी माणसागणिक वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी. इथल्या दोन नक्ष्या एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. त्या दिवशी ती फक्त मुंग्यांकडे बघत होती. डोळा कुणाचा, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाच नव्हता. ऑपरेशनच्या हिरव्या कापडाखालून फक्त एक डोळा दिसतो. कापडाखालचं माणूस कोण, हे तिकडच्यांनी सांगायचं आणि इकडच्यांनी मानायचं.

चोरी झाली होती, यात शंका नव्हती. एका म्हाताऱ्या सैनिकाची पाळी कुणीतरी ढापली होती. पण जरिना धास्तावली ती वेगळ्याच कारणानं. मुंग्यांवरचं वेष्टण आठवड्यानं विरघळतं. त्याच्या आत त्या काढल्या नाहीत, तर त्यांच्यातलं लोखंड डोळ्यात गंजायला लागतं. मग तो डोळा कायमचा जातो. चोर कुठं दडला असेल तिथं असो, रविवारच्या आत तो सापडला नाही तर त्याला आंधळं करणारा हात जरिनाचा असणार होता.

प्रयोगावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवायचं होतंच. पण पोलीस आले, चौकशी बसली, तर तो माणूस भिऊन आणखी खोल दडला असता. तिनं साताऱ्याला फोन लावला. तिथले प्रमुख डॉ. जयराज भोईटे म्हणजे मिरजेच्या कॉलेजात तिला डोळ्याचं शास्त्र शिकवलेले तिचे सर. तिनं सगळं सांगितलं.

"नानासो सांगलीला आले होते?" सरांनी विचारलं. "मला कुणी बोललं नाही."

"सर, मी उद्या सकाळी निघते."

"ये," ते म्हणाले आणि फोन ठेवला गेला. इतक्या मोठ्या चोरीबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, हे जरिनाच्या नंतर ध्यानात आलं.

३

शुक्रवारी साताऱ्यात तिला पहिल्यांदा भेटल्या मनुबाई. ऑपरेशनच्या खोलीबाहेर रुग्णांची ने-आण त्या बघत.

"फडतरे बाबांस्नी मीच दारापत्तूर न्हेलं. आत अर्शिया डॉक्टरनी हाताला धरून घेतलं. मंग पट्टी बांधून भाईर आलं तवा मीच खाली सोडलं."

"मधल्या वेळात दुसरं कुणी आत गेलं?"

"म्होरल्या दारानं तर न्हाई. मी तिथंच बसलीवती. मागं एक दार हाय, पर त्याची किल्ली फकस्त सायबांकडं आनि अर्शिया डॉक्टरांकडं."

"सर होते ना आत?"

"व्हय तर. साहेब हल्ली सोता ऑपरेशन करत न्हाईत, पर हुबं राहत्यात. दिवाळीपास्नं समदी ऑपरेशनं पोरांस्नी करू देत्यात, हात बसाय पायजेत म्हनून. लय मोठ्या मनाचा मानूस."

मोठ्या मनाचे सर आपल्या खोलीत बसले होते. त्यांनी चहा मागवला. कप उचलताना आधी बशीची कड बोटांनी चाचपली.

"इंजेक्शन मीच दिलं," ते म्हणाले. "नानासोंनाच. तुझी काहीतरी गल्लत होतेय, जरिना."

बोलताना ते तिच्याकडे बघतच नव्हते. नजर तिच्या डाव्या कानाच्याही पलीकडे, खिडकीकडे. 'रुग्णाशी बोलताना त्याच्या डोळ्यात बघा' असं वर्गात बजावणारा माणूस आज तिची नजर चुकवत होता. जरिनाला भडभडून आलं. सर खोटं बोलत होते. चित्रणात सुई धरलेला हात डावा होता आणि सर उजव्या हाताचे. ते कुणाला तरी पाठीशी घालत होते.

डावखुरी होती डॉ. अर्शिया तांबोळी. सरांच्या हाताखाली शिकणारी, नुकतीच पदवी घेतलेली मुलगी. जरिनानं तिला औषधांच्या खोलीत गाठलं तेव्हा ती कपाटाकडे तोंड करून उभी होती.

"अर्शिया, सुई तू दिलीस. कुणाला दिलीस?"

"मॅडम, मी काही सांगू शकत नाही."

"तुझ्या खालाला हाच आजार आहे ना? प्रयोगासाठी त्यांचं नाव आलं होतं. साखर जास्त म्हणून आपण नाकारलं."

अर्शियानं एकदम वळून पाहिलं. डोळे डबडबलेले. "खालाला यात ओढू नका मॅडम. हात जोडते."

"मी शिक्षा करायला आले नाही गं. ज्याच्या डोळ्यात मुंग्या आहेत त्याच्याकडे परवापर्यंतचाच वेळ आहे. त्याला आंधळं होऊ देणार आहेस?"

अर्शियाच्या ओठांची हालचाल झाली. पण नेमका त्याच वेळी दारात मनुबाईंचा आवाज आला, "अर्शिया डॉक्टर, सायबांनी बलावलंय," आणि ती पोरगी बाण सुटावा तशी निघून गेली.

जरिनानं गाडी काढली ती थेट सदर बझारला, खालाच्या, म्हणजे अर्शियाच्या मावशीच्या घरी.

४

खाला ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. बोटांनीच. जरिनानं आपली ओळख दिली तेव्हा त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि हसून म्हणाल्या, "आओ बेटी. अर्शियाची मोठी डॉक्टर ना तू? बस. चहा टाकते."

"आधी तुमचा डोळा बघू द्या, खाला."

त्यांनी मुकाट्यानं चेहरा वर केला. जरिनानं पिशवीतलं यंत्र काढलं, डोळ्याशी लावलं आणि आत पाहिलं.

सुईची खूण नव्हती. मुंग्या नव्हत्या. रक्तवाहिन्यांची नक्षीही निराळीच होती.

तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. जी एकच वाट दिसत होती तीही बंद झाली.

"पोरीचं काही चुकलं का?" खालांनी विचारलं. "सोमवारपासून जेवत नाही. परवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हणाली, नाही म्हणायला हवं होतं गं. कुणाला, ते काही सांगेना."

नाही म्हणायला हवं होतं. म्हणजे कुणीतरी तिच्याकडे मागितलं होतं. खालानं मागितलं असतं, तर ती खालापाशीच असं कशाला बोलली असती? असा कोण होता, ज्याला अर्शिया नाही म्हणू शकत नव्हती?

५

गाडी सावलीला लावून जरिनानं मांडीवर लॅपटॉप उघडला. काल तिनं चित्रण पाहिलं होतं. ऐकलं मात्र नव्हतं. आता आवाज चालू केला.

सुरुवातीला सरांचा आवाज: "आम्ही तयार आहोत. जरिना, कर सुरू." त्यानंतर सर गप्प. पुढे फक्त तिचा सांगलीहून जाणारा आवाज आणि तिकडे अर्शियाचा. मुंग्या पडद्याकडे सरकत होत्या आणि चित्रणातली जरिना नेहमीच्या डॉक्टरी इंग्रजीत अर्शियाला सांगत होती, "इन्फेरोटेम्पोरल, प्लीज." म्हणजे डोळा खाली आणि बाहेरच्या बाजूला वळवायला सांग.

डोळा वळला. खाली आणि बाहेरच्या बाजूला.

आणि त्यानंतर अर्शियाचा घाईघाईचा आवाज आला, "बाबा, खाली बघा. कडेला बघा."

जरिनानं तो तुकडा परत लावला. मग पुढचा. "सुपीरोनेझल." डोळा वर आणि नाकाकडे गेला. अर्शिया नंतर बोलली. दर वेळी हेच. डोळा अर्शियाच्या मराठीची वाटच बघत नव्हता. तो जरिनाचं ऐकत होता, आणि जे ऐकत होता ते त्याला समजत होतं.

नानासोंना कानाशी ओरडून सांगितलं तरच कळायचं. खालांना हे शब्द ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हे शब्द ऐकून, विचारही न करता डोळा वळवेल, असा माणूस एकच. ज्यानं जन्मभर हे शब्द वापरले तो.

आणि मग एकेक गोष्ट आपोआप आपल्या जागी जाऊन बसली. 'कर सुरू' म्हटल्यावर सर का बोलले नाहीत? ते पलंगावर होते, कापडाखाली. मागच्या दारानं कुणी आलंच नव्हतं. चोर आधीपासूनच खोलीत होता. दिवाळीपासून सरांनी ऑपरेशनं का सोडली? बशी चाचपून का बघितली? आणि आज सकाळी त्यांनी तिची नजर चुकवली, ती लाजेनं नव्हे. ज्याच्या पडद्याचा मधला भाग सुजतो त्याला सरळ समोरचं दिसत नाही. कडेकडेनं दिसतं. समोरचा चेहरा नीट दिसावा म्हणून तो माणूस चेहऱ्याच्या बाजूला बघतो.

जरिनानं लॅपटॉप मिटला. तिला आपण जिंकलो असं जराही वाटलं नाही.

६

"सर, माझ्याकडे बघा."

"बघतोय की."

"नाही. तुम्ही माझ्या कानाकडे बघताय. सरळ बघितलंत तर तुम्हाला माझा चेहरा दिसणार नाही."

खोलीत अर्शियाही होती. तिनं तोंडावर ओढणी धरली. जयराज सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कशावरून ओळखलंस?"

"तुमच्या डोळ्यानं माझं ऐकलं, सर. अर्शियानं सांगायच्या आधी."

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जुन्या मास्तरांचं कौतुक उमटलं आणि विझलं.

"डावा डोळा नावालाच आहे," ते सांगू लागले. "लहानपणी विटी लागली होती. जे काही केलं ते या उजव्यावर. दिवाळीत त्याला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. त्या दिवसापासून मी सुरीला हात लावला नाही, एवढं मात्र खरं मान. पण कारण कुणाला सांगितलं नाही. प्रयोग चालवणाऱ्याला रुग्ण होता येत नाही. म्हटलं, नानासोंना पुढच्या खेपेला घेऊ. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय."

"बिघडतं का, सर?"

"बिघडतं. मी रोज रुग्णांना सांगतो, एक आठवडासुद्धा घालवू नका. मला नाही म्हणणं या पोरीला जमणार नाही, हेही ठाऊक होतं. म्हणूनच तिला विचारलं. ते जास्त वाईट."

"आणि मुंग्या काढायचं काय ठरवलं होतंत?"

"उद्या पुन्हा नानासोंच्या नावानं झोपणार होतो. तू त्यांना सांगलीला बोलावलंस आणि सगळं उघडं पडलं. काल तुझा फोन आला तेव्हाच सांगायचं होतं. तोंडातून शब्द फुटेना. मग म्हटलं, जाऊ दे डोळा. तीच शिक्षा."

"डोळा तुमचा आहे, पण मुंग्या मी सोडल्यात," जरिनाचा आवाज चढला. "माझ्या हातानं गेलेला तुमचा डोळा घेऊन मी पुढे किती वर्षं काढू? शिक्षा तुम्ही एकट्यानं ठरवायची नाही, सर. समितीला मी आत्ता कळवतेय. तुमचं नाव, अर्शियाचं, आणि डोळा ओळखला नाही म्हणून माझंही."

अर्शिया खाली बसून हमसाहमशी रडू लागली. जयराज सर उठले, चाचपडत तिच्यापर्यंत गेले आणि नुसतेच उभे राहिले. डोक्यावर हात ठेवायचा धीर त्यांना झाला नाही.

समितीच्या अध्यक्षबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. चौकशी होईल, पण आधी डोळे, असं त्या म्हणाल्या. कराडहून एक डॉक्टर देखरेखीला पाठवायचं त्यांनी मान्य केलं. मुंग्या हाकायची दांडी सांगलीतच होती, त्यामुळे जरिनाला परतणं भाग होतं. वाटेत ती इस्लामपूरला थांबली. दिवेलागणीची वेळ होती. नानासो लेकीच्या अंगणात बाजेवर बसले होते. जरिनानं त्यांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"म्हंजे मला नुसतं खुर्चीत बसवून लावून दिलं?"

"हो."

"आनि मी इकडं पट्टी भिजू नी म्हनून तोंड सुदिक धुतलं न्हाई." ते हसले नाहीत. "लेक रोज इचारायची, बाबा, दिसाय लागलं का? मी म्हनायचो, लागलंय गं जरा जरा. तिला बरं वाटाय पायजे म्हनून."

दारात उभ्या लेकीनं पदर डोळ्याला लावला.

"उद्या दोघांचंही करता येईल," जरिना म्हणाली. "पण पाळी तुमची होती. आधी कुणाचं, ते तुम्हीच सांगा."

नानासोंनी बाजेच्या दोरीवरून हात फिरवला. "त्यांच्या डोळ्यात लोखंड हाय. ते आधी काढा, गंजाय नको. मला राग हाय, डॉक्टर, लय राग हाय. पर तो उजेडात दावीन. मी दाराम्होरंच बसनार उद्या. आनि माझी पाळी आली की मला पलंगावर झोपवायचं. खुर्ची नगं."

७

शनिवारी सकाळी जरिना सांगलीत स्क्रीनपुढे बसली. साताऱ्याचा आवाज चालू होता. पलंग हलवल्याचा, भांडी ठेवल्याचा, आणि मग दाराबाहेरून येणारा सरांचा आवाज.

"नानासो, माझी चूक झाली."

"आं? मोठ्यानं बोला."

"माझी चूक झाली. तुमची पाळी मी घेतली. चोरली."

"ऐकू येत न्हाई सायेब!"

आणि मग डॉ. जयराज भोईटे ओरडून तेच बोलले. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. बाहेरची कुजबुज थांबली. सांगलीत जरिनानं डोळे मिटून घेतले. ऐकणं नको वाटत होतं, तरी तिनं आवाज बंद केला नाही.

थोड्या वेळानं नानासोंचा आवाज आला, आता खालच्या पट्टीत. "बरं. जावा आता. झोपा जाऊन."

स्क्रीनवर डोळा उघडला. जरिनानं दांडी धरली. मुंग्या सुजलेल्या जागेभोवती पांगल्या होत्या. त्यांना गोळा करायला पुष्कळ वेळ लागला. दोनतीन चुकार निघाल्या, नसेच्या कडेला अडकल्या. "सुपीरोनेझल," ती म्हणाली आणि डोळा वळला. "थँक यू, सर," ती म्हणाली. यावेळी डोळा कुणाचा, हे तिला ठाऊक होतं. शेवटची मुंगी कराडच्या डॉक्टरांच्या सुईत शिरली, तेव्हा जरिनाचा सदरा पाठीला चिकटला होता.

मग नानासो आले. पलंगावर.

चौकशी रीतसर झाली. जयराज सरांना प्रयोगातून काढलं आणि प्रमुखपद गेलं. अर्शियाचं शिक्षण सहा महिने लांबलं. तिनं ते निमूटपणे घेतलं आणि खालाची साखर उतरवायच्या मागे लागली. जरिनाला लेखी समज मिळाली. आता दर वेळी दांडीला हात लावण्यापूर्वी ती डोळ्याची नक्षी जुळवून बघते. नानासोंच्या पडद्याची सूज उतरली आणि पुढच्या तपासणीला त्यांनी कॅलेंडरावरचे आकडे वाचून दाखवले. वाट बघण्यात गेलेले दिवस थोडे भोवले होते. नजरेच्या अगदी मधोमध एक काळा ठिपका मात्र राहिला, तो राहिलाच.

पावसाळा सरल्यावर कामानिमित्त जरिना साताऱ्याला गेली. बाहेरच्या रुग्णांच्या खोलीत सर बसले होते. त्यांना आता चेहरे दिसत होते, पण ऑपरेशनला लागते तशी नजर काही परत आली नव्हती. समोर वाईहून आलेल्या बयाबाई होत्या. मोतीबिंदू पिकलेला.

"ऑपरेशन तुमीच करणार न्हवं?" त्या विचारत होत्या. "माझ्या जावंचं तुमीच केलतं."

जरिना दारातच थांबली.

"नाही," सर म्हणाले. "मला आता नीट दिसत नाही. ऑपरेशन दुसरे डॉक्टर करतील, ते चांगले आहेत."

बयाबाईंनी थोडा विचार केला. त्यांना त्यात फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग चष्म्याचा नंबर तरी तुमीच काढा."

सरांनी मान हलवली आणि स्टूल पुढे ओढलं.